गोव्याच्या किनाऱ्यावर करवंदाची वई

गोव्यात वईसाठी, म्हणजे जिवंत कुंपणासाठी, लावलेले करवंद मरायला लागते जुलैत, पण सुकलेले दिसते नोव्हेंबरात. घरच्यांना वाटते पाणी कमी पडले. मग रोज बादली ओतली जाते आणि उरलीसुरली मुळेही कुजतात. खरा घोटाळा रोप लावतानाच झालेला असतो. जांभ्याच्या कातळात पहारीने कोरलेला चौकोनी खड्डा म्हणजे दगडाची डोणच. तिच्यात मऊ माती आणि शेणखत भरले की पहिल्या दोन जोरदार सरींत ती काठोकाठ भरते आणि श्रावण सरेपर्यंत रिकामी होत नाही. हे झाड सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, कातळाच्या फटीत, आठ महिने पावसाचा थेंब नसताना हिरवेगार राहते. त्याला डोणीत उभे केले तर ते कसे जगणार?

म्हणून या लेखात पाणी कसे घालावे यापेक्षा पाणी कसे काढून द्यावे याबद्दलच जास्त सांगितले आहे.

करवंद, शास्त्रीय नाव कॅरिसा करंडास, हे कण्हेरीच्या कुळातले आपल्याकडचे मूळचे काटेरी झुडूप. कोंकणीत त्याच्या फळांना कांटां म्हणतात, आणि मे महिन्यात रस्त्याकडेला पानांच्या द्रोणांत भरून विकायला ठेवलेली ती सगळ्यांनी पाहिलेली असतात. झाड दोन ते तीन मीटर वाढते, बारा महिने पान धरून असते. पाने समोरासमोर, जाड, वरून चकचकीत. सोटमूळ सरळ खाली जाऊन जांभ्याच्या भेगांत ओल शोधते. कोरड्या महिन्यांत तग धरायची ताकद या पानांत आणि या मुळात आहे. बागकाम करताना जपायचे असते ते हे सोटमूळच. ते पिशवीत वळले किंवा पाण्यात कुजले, की उरते ते फक्त काट्यांचे नाजूक झाड.

कुठे लावावे, कुठे लावू नये

सकाळपासून निदान सहा तास थेट ऊन हवे. आंब्याच्या किंवा काजूच्या सावलीत झाड जगते, पण फांद्या लांब आणि विरळ होतात, फुले नावालाच येतात. माडाची विरळ सावली चालते. मात्र बुंध्यापासून दोन मीटर तरी लांब लावावे, कारण माडाच्या मुळांचे जाळे वरच्या थरातली सगळी ओल ओढून घेते. शिवाय माडाला मीठ घालायची रीत आहे, ते मीठ करवंदाच्या आळ्यात जाता कामा नये.

खाऱ्या वाऱ्याला करवंद बऱ्यापैकी टिकते, पण लाटांचे तुषार थेट पानांवर बसतील अशी पहिली रांग त्याची नव्हे. तिथे निसर्गाने मर्यादवेल आणि रावणाच्या मिशा आधीच लावून ठेवलेल्या आहेत, त्यांच्यामागे निगुडी आणि केवडा. करवंद या सगळ्यांच्या आडोशाला लावावे. समुद्राकडे उघडा असलेला बंगला असेल तर आधी निगुडीची एक रांग धरावी आणि तिच्यामागे दीड-दोन मीटरवर करवंदाची. आणि एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे: बागेसाठी वाळूची टेकडी सपाट करू नये. किनाऱ्यावरच्या या टेकड्या सीआरझेडच्या, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांच्या, सर्वांत कडक वर्गात मोडतात, आणि कायदा बाजूला ठेवला तरी ती टेकडी गेली की खारा वारा अडवणारे दुसरे काही उरत नाही.

काटे दोन-तीन सेंटिमीटर लांब, टणक आणि टोकदार असतात. पायवाटेपासून आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून सव्वा मीटर अंतर ठेवावे. शेजाऱ्याच्या हद्दीपासून एक मीटर आत लावले तर पुढे भांडण होत नाही, आणि बाहेरच्या बाजूने छाटायला जागाही राहते.

नवीन बांधलेल्या घराच्या कुंपणभिंतीलगत वेगळीच अडचण येते. तिथे मातीखाली सिमेंटचा राडा, चुना आणि गिलाव्याचे तुकडे पुरलेले असतात. आपली जांभ्याची माती मुळात आंबट, पण राड्याजवळ ती अल्कधर्मी होते. मग कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळट दिसू लागतो. हे लोह न मिळाल्याचे लक्षण आहे, आणि वरून खत टाकून ते सुटत नाही. भिंतीपासून निदान ६० सेंटिमीटर सरकून, राडा निघेपर्यंत खोदून, साधी तांबडी माती भरून मगच रोप लावावे.

रोप निवडताना

नर्सरीत 'करवंद' म्हणून तीन निरनिराळी झाडे मिळतात. एक आपले गावठी: लहान, पिकल्यावर जवळजवळ काळे होणारे फळ. दुसरी पांढऱ्या-गुलाबी फळांची मोठी जात. बेकरीतल्या केकवर 'चेरी' म्हणून जी लाल गोळी असते ती बहुधा अशाच करवंदाची, साखरेत मुरवून रंगवलेली. तिसरे मात्र दक्षिण आफ्रिकेतले, कॅरिसा मॅक्रोकार्पा. त्याची पाने अधिक गोल आणि जाड, काटा इंग्रजी वाय अक्षरासारखा दुभंगलेला, फूल रुपयाच्या नाण्याहून मोठे आणि फळ लालभडक. ते वाईट झाड नव्हे, खारा वाराही चांगला सोसते, पण ते इथले नाही. इथलेच झाड हवे असेल तर फुले येईपर्यंत थांबू नये. काटा आणि पान पाहूनच ठरवावे. गावठी करवंदाचे काटे बहुतेक सरळ, क्वचित दुभंगलेले असतात.

फळासाठीच लावायचे असेल तर दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाची 'कोकण बोल्ड' ही जात मागावी. तिची फळे गावठीपेक्षा मोठी असतात. वईसाठी मात्र बियांपासून केलेली गावठी रोपेच चांगली, कारण सोटमूळ त्यांनाच असते. कलमाच्या झाडाची मुळे वरच्या थरात पसरतात. कोरडवाहू जागेत ती मागे पडतात.

मोठे रोप घेण्याचा मोह टाळावा. २५ ते ३० सेंटिमीटर उंचीचे, एका वर्षाचे, उभट पिशवीतले रोप सर्वांत चांगले. पिशवी उलटी करून तळाची भोके पाहावीत. भोकातून पेन्सिलीएवढे जाड मूळ बाहेर आलेले असेल तर आत सोटमूळ स्प्रिंगसारखे वळलेले आहे असे समजावे. असे रोप चार वर्षांनीही वाऱ्यात हलत राहते.

घरी रोपे करायची तर मे महिन्यात, झाडावर काळी झालेली फळे घ्यावीत. गर पाण्यात चोळून काढावा, चिकट चीक जाईपर्यंत बिया दोन-तीनदा धुवाव्यात आणि कागदावर सावलीत एक दिवस सुकवाव्यात. एका फळात दोन-चार चपट्या बिया निघतात. त्या साठवून ठेवू नयेत. करवंदाच्या बियांची उगवणशक्ती फार लवकर जाते, म्हणून आठवड्याच्या आतच पेराव्यात. दोन भाग माती, एक भाग जाडी रेती आणि एक भाग चाळलेले कंपोस्ट घ्यावे. रेती नदीची असावी. समुद्राची घेऊ नये. बी एक सेंटिमीटर खोल टाकावे. तीन ते चार आठवड्यांत कोंब येतात. पावसाची थेट धार पिशवीवर पडू देऊ नये, आणि रात्री टॉर्च घेऊन मोठ्या आफ्रिकन गोगलगायी वेचाव्यात. दोन पानांचे रोप त्या एका रात्रीत देठापर्यंत खातात.

साध्या छाट्यांना मुळे फुटणे अवघड असते. आवडत्या झाडाचीच प्रत हवी असेल तर जून-जुलैत गुटी बांधावी. पेन्सिलीच्या जाडीची, गेल्या वर्षीची फांदी निवडून अडीच सेंटिमीटर रुंदीची साल गोल काढावी. लगेच पांढरा चीक वाहतो. तो ओल्या फडक्याने टिपत राहावे, थांबला की वरच्या काठाला मुळे फुटण्याची पावडर लावावी. मूठभर भिजवून पिळलेला काथ्याचा भुसा किंवा शेवाळ भोवती दाबून पारदर्शक प्लास्टिकने गुंडाळावे आणि दोन्ही टोके घट्ट बांधावीत. दोन ते तीन महिन्यांत प्लास्टिकमधून पांढरी मुळे दिसू लागतात. फांदी एकदम तोडू नये. आधी अर्धी चीर द्यावी, दहा दिवसांनी पूर्ण कापावी, मग महिनाभर पिशवीत सावलीला ठेवावी.

खड्डा

गोव्याची शेतजमीन आपण मोरोड, खेर आणि खाजन अशी ओळखतो. खाजनात करवंद लावायचा विचारच करू नये; भरतीचे खारे पाणी मुरलेली ती चिकण माती त्याची नव्हे. उरलेल्या दोन जमिनींत खड्डा करायची रीत अगदी उलट आहे, आणि इथेच बहुतेकांची चूक होते.

मोरोड, म्हणजे चढावरची जांभ्याची तांबडी जमीन. एकटे झाड असेल तर खड्डा ४५ सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल; वईसाठी तेवढ्याच रुंदीचा आणि खोलीचा चर. खोदून झाला की त्यात दोन बादल्या पाणी ओतून जिरू द्यावे, मग पुन्हा एक बादली ओतावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहावे. पाणी उरले असेल तर तळाला पहार मारून कातळाला भेग पडेपर्यंत फोडावे. फुटतच नसेल तर उताराच्या बाजूने चराला एक तोंड काढावे, वीतभर रुंदीचे, तळाच्या पातळीला, आणि त्यात फोडलेला जांभा भरावा. तेही जमत नसेल तर खड्ड्याचा नाद सोडून जमिनीवरच ३० सेंटिमीटर उंचीचा, मीटरभर रुंदीचा ढीग करून त्यावर लावावे. ढिगावरचे रोप पहिल्या उन्हाळ्यात जास्त पाणी मागते, पण जगते.

खड्डा भरताना निघालेली माती आणि जांभ्याचा चुरा परत त्यातच जायला हवा. त्यात तीन-चार किलो चांगले कुजलेले शेणखत आणि २०० ग्रॅम निंबोळी पेंड मिसळावी, इतकेच. सगळी माती फेकून देऊन विकतची 'बागेची माती' भरली तर मुळे त्या मऊ चौकोनातच फिरत राहतात, कातळात शिरायचे कष्ट घेत नाहीत. मग तो चौकोन पावसात चिखल होतो आणि एप्रिलमध्ये वीट. आंबट जमीन करवंदाला चालते. चुना घालायची गरज नाही.

खेर, म्हणजे किनाऱ्याजवळची वाळूमिश्रित जमीन. कळंगुट, मोरजी, पाळोळे या पट्ट्यात अशीच आहे. इथे पाणी साचत नाही, उलट थांबतच नाही. खड्डा ६० सेंटिमीटर खोल घ्यावा आणि तळाला नारळाची जुनी, एक पावसाळा भिजलेली सोडणे (काथ्याची जाड साले) तोंड वर करून एका थरात मांडावीत. वाटीसारखी ती पाणी धरतात. त्यावर वाळू आणि कंपोस्ट निम्मे-निम्मे. हेच सोडण मोरोडातल्या खड्ड्यात टाकले तर तळ कायम ओला राहतो, मुळे काळी पडतात. तेव्हा शेजाऱ्याचे पाहून टाकू नये. त्याची जमीन कुठली ते आधी विचारावे. खारवलेल्या मासळीचे किंवा न धुतलेल्या समुद्रशेवाळाचे खत दोन्हीकडे टाळावे.

वईसाठी ७५ सेंटिमीटरवर एक रोप. २० मीटर वईला २८ रोपे लागतात. चार जास्त घ्यावीत, मेलेल्या रोपाची जागा त्याच पावसात भरता येते. मोकाट गुरांचा त्रास असेल तर दोन ओळी, ओळींत ४५ आणि रोपांत ९० सेंटिमीटर, आलटून-पालटून. फळझाड म्हणून लावायचे तर झाडांत अडीच-तीन मीटर अंतर.

लावणी

मृगाचा पाऊस बसला, जमीन हातभर ओली झाली की लावावे. साधारण १५ जून ते १० जुलै हा उत्तम काळ. त्यानंतर लावलेले रोप मुळे पसरायच्या आतच धुवांधार पावसात सापडते. ऑगस्ट उजाडला असेल तर सप्टेंबरच्या मध्यापर्यंत थांबलेले बरे. फक्त अशा रोपाला पहिला उन्हाळा जपावा लागतो.

पिशवी ब्लेडने उभी कापावी, ओढून काढू नये. तळाशी वळलेले मूळ असेल तर वळणाच्या वर स्वच्छ कात्रीने कापावे. नवे सोटमूळ सरळ खाली जाते. रोपाची मान, म्हणजे खोड आणि मूळ जुळते ती जागा, आजूबाजूच्या जमिनीपेक्षा दोन बोटे उंच राहिली पाहिजे, कारण भरलेली माती पहिल्याच पावसात बसते आणि रोप खाली जाते. पायाने तुडवू नये, मुठीने दाबावे. पावसाळ्यात आळे करू नये. उलट रोपाभोवती कासवाच्या पाठीसारखा उंचवटा ठेवावा, पाणी वाहून गेले पाहिजे.

उघड्या जागेत, समुद्राकडच्या बाजूला रोपापासून दोन हातांवर झावळ्यांचे झाप उभे करावे, मीटरभर उंचीचे. ते विरळ विणलेले असावे. पत्रा किंवा घट्ट ताडपत्री लावली की वारा वरून उसळून पलीकडे आपटतो आणि रोप मुळापासून हलते. झाप पहिल्या दोन पावसाळ्यांपुरते पुरे.

पाणी

गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. या चार महिन्यांत एक थेंबही घालायचा नाही. ऑक्टोबरच्या अखेरीस, पाऊस पुरता परतला की उंचवटा मोडून त्याच मातीचे आळे करावे, बुंध्यापासून ४० सेंटिमीटर त्रिज्येचे. त्यात चार बोटे जाडीचा सुका पाला पसरावा. बुंध्याला मात्र वीतभर मोकळे ठेवावे, नाहीतर वाळवी पाल्यातून सालीवर चढते.

पहिल्या वर्षी नोव्हेंबर ते मे, वाळूत दर चार-पाच दिवसांनी ८ लिटर, जांभ्यावर दर आठ दिवसांनी १० लिटर. दुसऱ्या वर्षी पंधरा दिवसांनी १५ लिटर. तिसऱ्या वर्षापासून वईला पाणी बंद. फळे हवी असतील तर फळधारणा झाल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये, दोनदा भरपूर पाणी द्यावे. रोज थोडे थोडे शिंपडणे हा सर्वांत वाईट प्रकार. वरचा थर ओला राहतो म्हणून मुळे वरच राहतात, आणि आठवडाभर घर बंद ठेवून गावाला गेले की झाड जाते.

ज्यांना शनिवार-रविवारीच यायला जमते त्यांनी मडके पुरावे. डिचोलीच्या कुंभारकामातले बिनचकाकीचे, पाच लिटरचे, अरुंद तोंडाचे मडके रोपापासून ३० सेंटिमीटरवर पुरावे, तोंड जमिनीवर दोन बोटे राहील असे. भरून वर करवंटी झाकावी. उघडे ठेवले तर डासांची पैदास होते. पाणी मातीतून पाझरते, रोपाला लागेल तसे. पाचव्या-सहाव्या दिवशी मडक्यात हात घालून पाहावे. पाणी तसेच असेल तर छिद्रे बुजली आहेत. मडके काढून काथ्याने आतून-बाहेरून घासावे.

किनाऱ्याजवळच्या विहिरींचे पाणी एप्रिल-मेमध्ये मचूळ होते. तोंडाला खारट लागले की रोपांना देऊ नये. पाण्यातले विरघळलेले क्षार मोजणारे टीडीएस मीटर असेल तर १,००० पीपीएम ही आपली सीमा धरावी. दुसरा इलाजच नसेल तर कमी वेळा पण भरपूर द्यावे, म्हणजे मीठ मुळांखाली उतरते, आणि पानांवर अजिबात पडू देऊ नये.

आता पान हातात घेऊन पाहा. टोक आणि कडा तपकिरी, कोरड्या, आणि तेही समुद्राकडच्या बाजूचीच पाने: हा खारा वारा. गोड्या पाण्याने झाड धुवावे, पुढच्या पानांत फरक पडतो. सगळ्याच बाजूंच्या पानांच्या कडा जळत असतील तर खारटपणा पाण्यातून येतो आहे. सकाळी सातलाही शेंड्याची कोवळी पाने लोंबलेली आणि चकाकी गेलेली: ही तहान असू शकते, पण पाणी घालण्याआधी वीतभर खोल माती उकरावी. माती कोरडी असेल तर पाणी द्यावे. ओली असेल आणि कुजका वास येत असेल तर मुळे गेली आहेत. खालची पाने पिवळी होऊन हात लावताच गळतात तेव्हाही तेच. अशा रोपाचे आळे मोडावे, बाजूने चर काढावा, एक तृतीयांश फांद्या छाटाव्यात आणि पंधरा दिवस पाणी बंद ठेवावे. निम्मी रोपे सावरतात.

खत आणि छाटणी

खत फार कमी. दर जूनमध्ये झाडामागे तीन किलो कंपोस्ट पुरे. युरिया घालू नये. त्याने हिरव्या फांद्यांचा फुगारा येतो, त्यावर खवले कीड बसते आणि फुले कमी होतात.

छाटणीचे वेळापत्रक चुकल्यानेच बहुतेक ठिकाणी वईला फळ धरत नाही. पांढरी, जाईसारख्या वासाची फुले जानेवारी ते मार्चमध्ये फांद्यांच्या टोकांना येतात. दिवाळीच्या साफसफाईत वई कातरली की ती टोकेच कापली जातात. छाटणी जूनमध्येच, फळे संपल्याबरोबर करावी.

पहिल्या जूनमध्ये लावलेले रोप पुढच्या जूनमध्ये जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर निर्दयपणे कापावे. जीवावर येते, पण तिथूनच चार-पाच फांद्या फुटतात आणि वई तळापासून भरते. त्यानंतर दरवर्षी नव्या वाढीचा निम्मा भाग, सव्वा मीटर उंची होईपर्यंत. आकार तळाला रुंद, माथ्याला निमुळता. माथा रुंद झाला तर खाली सावली पडून तळ उघडा पडतो, आणि कुत्री-डुकरे तिथूनच शिरतात. रस्त्याकडची बाजू कातरावी, घराकडची सैल सोडावी. फळे घराकडून मिळतात.

कापताना चीक उडतो. पूर्ण बाह्यांचा सदरा, कातडी हातमोजे आणि चष्मा हवाच. चीक डोळ्यात गेला तर स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुऊन डॉक्टरांकडे जावे. कात्रीच्या पात्याला आधी खोबरेल लावले की चीक चिकटत नाही, नंतर रॉकेलच्या फडक्याने पुसता येते. कापलेल्या फांद्या जाळू नयेत. नव्या रोपांभोवती रचाव्यात. दोन वर्षे गुरे त्यांना तोंड लावत नाहीत. सड्यालगतच्या बागेत मात्र फेब्रुवारीच्या आत वईच्या दोन्ही बाजूंचे मीटरभर गवत काढावे. सुक्या गवताला लागलेल्या आगीत जुनी वईही वाचत नाही.

कीड आणि रोग

मोठी झाडे फारसे छळत नाहीत. कोवळ्या फांद्यांवर पिठ्या ढेकूण किंवा खवले दिसले तर आधी मुंग्यांची रांग शोधावी, कारण मुंग्याच त्यांना वाहून नेतात आणि सांभाळतात. १० लिटर पाण्यात ५० मिलि निंबोळी तेल, त्यात थोडे साबणाचे पाणी, असे संध्याकाळी पानांच्या खालून फवारावे. फुलोऱ्यात फवारू नये, मधमाश्या असतात.

जुलै-ऑगस्टमध्ये पानांवर काळपट ठिपके पडून शेंडे मरत असतील तर ती बुरशी. सुपारीच्या कोळेरोगाला मारतात तेच एक टक्का बोर्डो मिश्रण इथे चालते: १०० ग्रॅम मोरचूद ५ लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या ५ लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या बादल्यांत. मोरचुदाचे पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओतून ढवळावे. स्वच्छ लोखंडी पाते मिनिटभर बुडवून पाहावे. तांबूस थर बसला तर चुना अजून हवा, नाहीतर पाने जळतात. त्याच दिवशी, उघडीप पाहून वापरावे.

किनाऱ्यावरच्या वईचा खरा शत्रू अमरवेल. हिरवट-पिवळे दोऱ्यासारखे वेटोळे दिसताच ते ज्या फांदीवर आहे ती फांदीच कापून काढावी. नुसती वेल ओढली तर सालीत रुतलेले तुकडे पुन्हा फुटतात.

फळे

लावणीपासून तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळे धरतात. लोणच्यासाठी एप्रिलमधली हिरवी, नुकती लालसर होऊ लागलेली. खायला मे महिन्यातली काळी. बागेतल्या चांगल्या झाडाला तीन ते पाच किलो फळ धरणे म्हणजे ठीक चालले आहे. तोडताना देठाच्या जागी दुधाचा एक थेंब येतो आणि फळावर ओघळून वाळतो, त्यानेच ओठ चिकटतात. तोडलेली फळे चाळणीत देठाकडची बाजू खाली करून अर्धा तास ठेवावीत, मग मिठाच्या पाण्यात पंधरा मिनिटे बुडवून धुवावीत. काळे फळ दोन दिवसांच्या वर टिकत नाही. वरच्या टोकांची बुलबुलांना सोडावीत. तिथवर हात पोचवायला गेले की काटे लागतात.

जुनी, विरळ झालेली वई

वडिलोपार्जित घराची वई माथ्याला दाट आणि गुडघ्याखाली नागडी झालेली असते. ती एकदम कापून टाकू नये. तीन पावसाळ्यांत काम वाटून घ्यावे: दर जूनमध्ये सर्वांत जुने एक तृतीयांश खोड ३० सेंटिमीटरवर करवतीने कापावे, उरलेले उभे ठेवावे. मधली भगदाडे भरायला लावलेले नवे रोप सहसा रुजत नाही, कारण दोन्ही बाजूंच्या जुन्या मुळांत ते दबून राहते. त्यापेक्षा शेजारच्या झाडाची खालची लवचीक फांदी भगदाडाकडे वाकवावी, जमिनीला टेकते तिथे खालच्या बाजूची साल बोटभर खरवडावी, चीक थांबला की १० सेंटिमीटर खोल मातीत दाबून वर जांभ्याचा एक चिरा ठेवावा. शेंडा काठीला बांधून उभा करावा. पुढच्या जूनमध्ये चिरा उचलून मुळे धरली आहेत का ते पाहावे. धरली असतील तर फांदी मूळ झाडापासून कापावी आणि आहे तिथेच राहू द्यावी.